आढ्यापासून पऱ्यापर्यंत : कौलारू घराचे छप्पर दुरुस्त करताना

7 सप्टेंबर 2024 रोजी, गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, आरती चालू असतानाच माजघराच्या आग्नेय कोपऱ्यात गळती सुरू झाली. दापोली तालुक्यातील आमचे घर माझ्या आजोबांनी बांधलेले असून त्याच्या भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) आणि छप्पर मंगलोरी कौलांचे आहे. त्याआधीच्या चार पावसाळ्यांत त्या कोपऱ्यात घमेले ठेवण्याची सवय झालेली होती, परंतु त्या दिवशी पाणी भिंतीवरून ओघळत मखराच्या मागच्या पडद्यापर्यंत आले आणि मुंबईहून आलेल्या काकांनी, आत्यांनी व चुलतभावांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले. कोकणातील सामाईक घराच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची असते, कारण एरवी फोनवर ज्या दुरुस्तीची गरज पटवता येत नाही, ती पाहिल्यावर पटते. त्याच रात्री जेवणानंतर सर्वांनी तोंडी होकार दिला. मी शाळेत शिकवते, बांधकामातले मला काही कळत नव्हते आणि वडिलांना आता शिडीवर चढणे शक्य नव्हते. त्यामुळे पुढचे सर्व माझ्याकडे आले. ज्यांच्या घरी हीच वेळ आली आहे, त्यांना आधीपासून कल्पना असावी म्हणून घडले तसे लिहीत आहे.

पाऊस पूर्ण थांबल्यावर, 20 ऑक्टोबरला, गावातील जुन्या सुतारांना बोलावले. मी त्यांना गळतीची जागा दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "ताई, गळतंय तिथे बघू नका. तिथून वर, आढ्याच्या बाजूला बघत जायचं." आढे म्हणजे छपराचा सर्वांत वरचा माथा. पाणी कौलातून आत शिरले की ते लगेच खाली पडत नाही, वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून ते उताराने वाहत जाते आणि एखादी गाठ, खिळा किंवा सांधा आडवा आला की तिथे थेंब धरते. आमच्याकडे पाणी शिरण्याची जागा थेंबाच्या जागेपासून जवळजवळ सहा फूट वर निघाली. ती शोधण्याची त्यांची पद्धत कोणालाही करता येण्यासारखी आहे. एक माणूस वर कळशी घेऊन बसतो, एक जण आत खडू घेऊन उभा राहतो, आणि पाणी वळचणीजवळच्या सर्वांत खालच्या ओळीवर ओतण्यास सुरुवात करून एकेक ओळ वर सरकायचे. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळ्याच ओळींवरून वाहते आणि कोणत्या ओळीत शिरले हे कधीच कळत नाही. आम्हाला या कामाला अडीच तास लागले आणि वाशांवर खडूच्या अकरा खुणा झाल्या.

त्या अकरापैकी तीन खुणा फुटक्या कौलांच्या होत्या. आमच्याकडे वानरांच्या टोळ्या फणसावरून थेट छपरावर उड्या मारतात, त्यामुळे कौले फुटणे हा नेमाचाच भाग आहे. उरलेल्या आठ खुणा मात्र एकाच ओळीत, कोनातल्या तिरक्या वाशाच्या दोन्ही अंगांना होत्या. आमचे घर इंग्रजी एल अक्षरासारखे आहे. मुख्य घर दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या छपराचे आहे आणि स्वयंपाकघराचा भाग त्याला काटकोनात जोडलेला आहे. त्यामुळे दोन पाखी जिथे आतल्या कोनात मिळतात, तिथे दोन्हीकडचे पाणी एका पन्हळीत गोळा होते. आमच्या छपराचे एकूण क्षेत्र मोजले, तेव्हा ते सुमारे 140 चौरस मीटर भरले आणि त्यातील जवळपास 45 चौरस मीटरचे पाणी या एकाच पन्हळीवर येत होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा हिशोब सोपा आहे. तासाला 50 मिलिमीटरची सर आली, तर त्या पन्हळीतून मिनिटाला सुमारे 37 लिटर, म्हणजे अडीच बादल्या पाणी जायला हवे. आमची पन्हळ उघड्या भागात जेमतेम चार इंच रुंद होती आणि तिच्यात फणसाची पाने, कौलांचे तुकडे आणि शेवाळ यांचा गच्च थर बसलेला होता.

ती पन्हळ काढली तेव्हाचे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पत्र्याच्या अगदी मधोमध, जिथून पाणी वाहायचे तिथेच, पूर्वीच्या एका दुरुस्तीत कोणीतरी खिळा मारलेला होता. खिळ्याभोवती गंज चढून तांदळाच्या दाण्याएवढे भोक पडले होते. वरून पाहिले तर तेवढेच दिसत होते. पत्रा उचलल्यावर त्याखालच्या वाशाचा सव्वा फूट भाग काळा पडलेला दिसला आणि सुतारांनी त्यात पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड ओल्या केकासारखे हातात येत होते. तो वासा जिथे टेकतो, ते भिंतीच्या माथ्यावरचे आडवे लाकूडही दीड हात कुजलेले होते. इतकी वर्षे आम्ही दर मे महिन्यात गडी लावून कौले चाळून घेत होतो, फुटकी बदलत होतो आणि घर शाकारले असे समजत होतो. पाणी घरात शिरत होते ते मात्र मुख्यतः कौलांतून नव्हे, तर त्याला बाहेर जायला वाट नव्हती म्हणून.

नोव्हेंबरपासून कागदपत्रांचे काम सुरू झाले आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत जास्त थकवणारा भाग हाच होता. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढला, तर त्यावर अजून आजोबांचे नाव होते आणि पुढे 'व इतर' असे लिहिलेले होते. छप्पर उतरवून दुरुस्ती करायची असल्याने ग्रामसेवकांनी सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र आणण्यास सांगितले. हिस्सेदार पाच : वडील, दोन काका, आत्या आणि वारलेल्या मोठ्या काकांचा मुलगा. संमतीपत्र 500 रुपयांच्या मुद्रांकावर केले. ऑक्टोबर 2024 पासून अशा कागदाला 100 रुपयांचा मुद्रांक चालेनासा झाला होता, हे मला दुकानातच कळले. गणपतीत सर्व जण घरी असतानाच हा कागद करून घेतला असता, तर माझे दोन महिने वाचले असते. आता तो कागद आधी मुंबईला, मग पुण्याला, मग परराज्यात नोकरी करणाऱ्या चुलतभावाकडे असा फिरत राहिला. एकदा एका सहीखाली तारीख राहिली म्हणून परत पाठवावा लागला. शेवटची सही होऊन तो 3 जानेवारी 2025 ला माझ्या हातात आला. मुद्रांक, नोटरी, पोस्ट आणि झेरॉक्स मिळून 2,400 रुपये खर्च झाले.

9 जानेवारीला अर्ज दिला. अर्जात 'छप्पर दुरुस्ती' असे लिहून न थांबता घराची लांबी, रुंदी, उंची आणि जोते यांत कोणताही बदल होणार नाही, असे स्पष्ट लिहावे, असा सल्ला मला एका ओळखीच्या निवृत्त लिपिकांनी दिला आणि तो उपयोगी पडला, कारण मासिक सभेत पहिला प्रश्न तोच निघाला. सोबत चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, उतारा, संमतीपत्र, हाताने काढलेला नकाशा आणि चारही बाजूंची छायाचित्रे जोडली. परवानगीचे पत्र 6 फेब्रुवारीला मिळाले. अर्जाची पोच घेऊन ठेवली होती, त्यामुळे मधल्या एका फेरीत अर्ज सापडत नाही असे सांगितले गेले, तेव्हा ती दाखवता आली.

लाकडाच्या बाबतीत माझी समजूत चुकीची होती. आमच्या परड्यात ऐनाचे एक मोठे झाड आहे आणि ते तोडून वासे काढू, असे घरात गृहीत धरले होते. परंतु महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार अनुसूचित झाडे आपल्या मालकीच्या जमिनीतली असली, तरी ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ऐन, किंजळ, साग, फणस आणि आंबा हे सर्व त्यात येतात. जमीनही सामाईक असल्याने पुन्हा पाच सह्या लागल्या असत्या आणि शिवाय ओले लाकूड चिरून लगेच वापरले, तर ते वाळताना पिळवटते. त्यामुळे झाडाचा विचार सोडला आणि लाकडाच्या गिरणीतून वाळलेले किंजळ पावतीसह विकत घेतले. 48 घनफूट लाकूड, घनफुटाला 1,500 रुपये. संपूर्ण पाख्यांच्या रिपाही, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्याही, बदलायच्या ठरल्या, त्यांना सुमारे 32,000 रुपये लागले. पावती जपून ठेवावी, वाटेत गाडी अडवली तर ती दाखवता येते.

पत्रे घालण्याचा सल्ला मला जवळजवळ प्रत्येकाने दिला. वानरांचा त्रास संपतो, दरवर्षी चाळणी लागत नाही आणि काम आठवड्यात होते, हे सर्व खरे आहे आणि ज्यांनी पत्रे घातले त्यांना मी दोष देत नाही. मात्र मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली बसून पाहिलेले असल्यामुळे आणि वडील दिवसभर घरातच असल्यामुळे मी कौलांवर ठाम राहिले. 1865 साली मंगळूरला बासेल मिशनने ज्या घाटाच्या कौलांचा कारखाना काढला, तो घाट अजून तसाच वापरला जातो, कारण त्यात पाण्याचा विचार नेमका केलेला आहे. कौल उलटे करून पाहावे. खालच्या टोकाची कड पुढच्या कौलावर चढते, बाजूची कड शेजारच्या खाचेत बसते, आणि मागच्या अंगाला असलेली बोंडे रिपेला अडकतात. रिपांमधले अंतर बोटभर जरी चुकले, तरी ही चढ कमी होते आणि वाऱ्याबरोबर आलेली झड उलटी वर चढून आत पडते. म्हणून सुतारांनी रिपा ठोकण्यापूर्वी आमच्याच जुन्या कौलांपैकी दहा कौले जमिनीवर एकात एक बसवून माप घेतले. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची मापे थोडी निराळी असतात आणि कागदावरचे माप इथे उपयोगी पडत नाही.

काम होळीनंतर लगेच सुरू करायचे होते, पण शिमग्याची पालखी गावात असेपर्यंत माणसे मिळणार नाहीत, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. प्रत्यक्ष सुरुवात 24 मार्चला झाली. सुतार आणि त्यांचा मुलगा 24 दिवस येत होते. त्यांची मजुरी 45,600 रुपये झाली. कौले उतरवताना ती चिखल, शेवाळ घासून धुतली आणि प्रत्येकावर बोटाने टिचकी मारून पाहिली. खणखणीत वाजले ते ठेवायचे, बद्द वाजले ते बाजूला काढायचे. सुमारे 2,100 कौलांपैकी 620 कमी पडली. ती शेजारच्या गावात पाडलेल्या एका घराची, जुनी पण पक्की भाजलेली, प्रत्येकी 16 रुपयांनी मिळाली.

नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल दोन हात दिले. त्याने वाळवी लागत नाही आणि होड्यांनाही आपल्याकडे तेच लावतात, पण हे तेल कातडीवर पडले की भाजल्यासारखे फोड येतात. माझ्या मनगटाला आलेल्या फोडाचा डाग अजून आहे. रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी त्याला हात लावू नये.

एप्रिलच्या मध्यानंतर मदतीला येणारे गडी आंबा काढणीला गेले आणि काम रेंगाळले. याच काळात मी पन्हळीचे काम पूर्ण करून घेतले, कारण त्याला एकच कारागीर लागत होता. कोनातली पन्हळ जस्ताच्या जाड पत्र्याची, उघडा भाग नऊ इंचांचा, आणि दोन्ही अंगांना आठ-आठ इंच पत्रा कौलांखाली जाईल अशी केली. त्या लपलेल्या कडा वरच्या बाजूला दुमडून घेतल्या, म्हणजे पाणी फुगले तरी कडेवरून लाकडावर उतरत नाही. खिळे फक्त दुमडलेल्या कडेच्या बाहेर, पाणी कधीच पोहोचणार नाही तिथे मारले. हे मी स्वतः शिडीवर उभी राहून पाहिले. कापलेली कौले पन्हळीच्या कडेला सिमेंटने लिंपण्याचा कारागिरांचा आग्रह असतो, तो मी मानला नाही. पूर्वी तसेच केले होते आणि सिमेंटच्या ढेकळांनीच पाने अडवली होती.

वळचणीला आमच्याकडे पूर्वी पन्हळ नव्हतीच. पागोळ्या सरळ जमिनीवर पडत, मातीचे शिंतोडे जोत्यावर उडत आणि जांभा ते पाणी शोषून घेई, त्यामुळे श्रावणात भिंत दीड फुटापर्यंत ओली असे. आता उत्तर आणि पूर्व बाजूंना पन्हळी लावल्या, दर दहा फुटांना एक इंच उतार दिला आणि दोरीला पाणपातळी लावून तो तपासला. दोन फुटांवर एक कडी घातली, कारण भरलेल्या पन्हळीचे वजन कल्पनेपेक्षा बरेच जास्त असते. सर्व पन्हळी, कड्या आणि उभे नळ मिळून 34,500 रुपये लागले. पश्चिमेला मात्र मुद्दाम पन्हळ लावली नाही. समुद्रावरून येणारा वारा तिला उपटतो, असा शेजाऱ्यांचा अनुभव होता. तिथे पागोळीच्या रेषेखाली चिऱ्यांची ओळ बसवून उथळ चर काढला.

पाणी छपरावरून उतरवले म्हणजे काम झाले, असे मला वाटत होते. सुतारांनीच विचारले, "उतरवलंत, आता नेणार कुठे?" उतार शेजाऱ्यांच्या आगराकडे होता. तिकडे पाणी सोडणे सोपे होते, पण योग्य नव्हते. शेवटी घराला वळसा घालून चिऱ्याचा चर खणला आणि तो मागच्या पऱ्याला, म्हणजे लहान ओढ्याला, मिळवला. वाटेत एक छोटी टाकी बांधली. तिच्यात गाळ बसतो आणि वरचे पाणी खडी-वाळूच्या थरातून विहिरीकडे वळवता येते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही आमची विहीर एप्रिलअखेर तळ दाखवते, म्हणून ही सोय केली. पहिल्या काही सरींचे पाणी छपराची धूळ आणि वानरांची विष्ठा घेऊन येते, ते पूर्णपणे पऱ्यालाच सोडायचे. या सर्वाला 22,000 रुपये पडले.

कौले चढवण्याचे काम 12 मे रोजी सुरू झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे, असा माझा हिशोब होता आणि तो साफ चुकला. 20 मेपासून कोकणात जोरदार पाऊस सुरू झाला आणि 25 मे रोजी मोसमी पाऊस तळकोकणात दाखलही झाला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. पूर्वेचे निम्मे पाखे उघडे होते. वडिलांचा पलंग ओटीवर हलवला, धान्याचे डबे शेजाऱ्यांकडे दिले आणि दोन रात्री आम्ही कोणी नीट झोपलो नाही. ताडपत्री आधी आढ्यापर्यंतच बांधली होती, त्यामुळे पाणी तिच्याखालून आत आले. ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर चार फूट उतरवून बांधली, तेव्हा थांबले. दाबायला दगड न ठेवता वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, दगड घसरला की खालची कौले फुटतात. माझी आग्रहाची विनंती अशी की काम मार्चमध्ये सुरू होणार असेल, तर ताडपत्री मार्चमध्येच घ्यावी. 20 मेला तालुक्याच्या बाजारात ती दीडपट भावाने मिळाली.

उघडीप मिळेल तसे काम करून 4 जूनला शेवटचे कौल बसले. वळचणीची पहिली ओळ, आढ्यावरची सर्व कौले आणि दोन्ही टोकांकडची कौले गंज न चढणाऱ्या तारेने रिपेला बांधून घेतली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीत आधी उडाली ती हीच कौले. वारा वळचणीखालून शिरतो आणि कडेपासून छप्पर उचलत जातो. गड्यांची मजुरी, वाहतूक, तेल, खिळे, ताडपत्री आणि चहा-जेवण धरून एकूण खर्च 2 लाख 75 हजार रुपयांच्या आसपास गेला. काका आणि आत्यांनी आपापला वाटा दिला. चुलतभावाने निम्मा दिला आहे आणि उरलेला गणपतीत देणार आहे. प्रत्येक पावतीचे छायाचित्र मी त्याच दिवशी सर्वांना पाठवत होते, त्यामुळे पैशांवरून एक शब्दही वाढला नाही.

जूनच्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन मागच्या दारी उभी राहिले. कोनातल्या पन्हळीतून पाणी जाड धारेने नळात उतरत होते, चरातून वळसा घेत होते आणि पऱ्याकडे जात होते. माजघराचा कोपरा कोरडा होता. वडील तिथे जाऊन भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभे राहिले. स्वयंपाकघरात चुलीच्या वर, झड पश्चिमेची असली तर, अजून एक थेंब पडतो. त्याच्या वर सहाव्या वाशावर मी खडूची खूण करून ठेवली आहे. पाऊस सरला की कळशी घेऊन खालच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची आहे.